सात घरांचा चीक

हजराबीच्या घरी गाय व्यायली की गल्लीला आधी कळायचं आणि तिच्या नवऱ्याला, मोहिउद्दीनला, मागाहून. मोहिउद्दीन हमरस्त्यावर कुठल्या तरी बिघडलेल्या ट्रकच्या पोटाखाली पाठीवर पडलेला असे; त्याला घरची खबर उशिराच पोहोचायची. पण पांढरकवड्याच्या त्या मागच्या गल्लीत सात घरांतल्या बायका लगेच पितळी भांडं चिंचेने घासून ओट्यावर पालथं घालीत. चीक येणार, म्हणजे व्यायलेल्या गायीचं ते पहिलं पिवळं, घट्ट दूध. गूळ-वेलदोडे काढून ठेवायचे, खरवस लावायचा, देवापुढे वाटी ठेवायची आणि मग पोरांच्या हातावर वड्या.

ही सात घरं हजराबीच्या सासूने, आयशाबीने, बोटांवर मोजून ठेवलेली होती. मोहिउद्दीन दीड वर्षाचा असताना त्याला देवी आल्या होत्या. अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती, तोंडाच्या आतही फोड. भाकरीचा तुकडा गिळवेना. आयशाबीचं दूध तर कधीच आटलेलं, आणि घरात ना गाय ना बकरी. देवी आलेल्या घराकडे माणसं वाट वाकडी करून जातात. पण त्या गल्लीतल्या सात घरांतून आळीपाळीने दुधाचा पेला उंबऱ्याबाहेर येत राहिला. कोणी हाक मारत नसे, आत येत नसे. पेला ठेवायचा आणि जायचं. पोर वाचलं. चेहऱ्यावर वण राहिले तेवढे. तेव्हा आयशाबीने कबूल केलं, की माझ्या दारी गाय आली तर ती जितक्यांदा विईल तितक्यांदा तिच्या चिकाचा पहिला लोटा या सात घरांना. त्यांच्यात त्याला मन्नत म्हणतात, आपल्यात नवस. देवाला दिलेल्या शब्दाला दोन्हीकडे सारखंच वजन. आयशाबीने तो शब्द तीस वर्षं खाली पडू दिला नव्हता. त्यासाठी एक तांब्याचा लोटा वेगळा होता, दुसऱ्या कशाला तो वापरत नसत.

त्या जोडीला गल्लीची एक जुनी समजूत होती. व्याल्यावर गायीच्या पोटातून मागाहून वार पडते. ती पडल्याशिवाय वासराला कासेला लावायचं नाही. लावलं तर वार आतच अडकते, असं सगळेच धरून चालत. वार कधी दोन तासांत पडे, कधी दिवस मावळे. मग लोटा भरायचा, सात घरं व्हायची, आणि उरलेलं वासराचं.

हजराबी नेरची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सोळा वर्षांची होती, आणि आल्या दिवसापासून शीण जणू तिच्या पाचवीलाच पुजलेला. पहाटेची नमाज, मग शेण, मग धार, मग जब्बारभाईच्या हॉटेलात दूध पोचवणं, मग चूल. जब्बारभाईचं चहाचं हॉटेल हमरस्त्यावर. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले तिथे थांबत आणि त्यांचा चहा हजराबीच्या गायीवर चाले. म्हणून गाय गाभण असली तरी पार व्यायच्या आठ-दहा दिवस आधीपर्यंत तिची धार काढली जाई. दुभत्या गायीला सुट्टी कुठली, आणि हजराबीला तरी कुठली. संध्याकाळी ती अंगणातल्या बाजेवर बसली की गुडघ्यांवर हात ठेवून "या अल्ला" म्हणे, आणि तेवढ्यात आतून सासूची हाक येई, "दुल्हन, पाणी." लगेच उठायचं.

छप्पन साली, राज्य बदललं त्या वर्षी, कबरी गाय व्यायली. वासरू चांगलं टणक होतं. सहाव्या दिवशी त्याला पांढरी हगवण लागली, आठव्या दिवशी ते मान टाकून पडलं. जनावर आहे, जातं, असं म्हणून सगळे गप्प बसले.

पुढे कबरी आटली. ती पुन्हा फळली आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. भाकड समजून तिला नानाजी गोवाऱ्याच्या कळपात लावून दिली. चार-पाच महिने ती केळापूरकडच्या रानात चरत राहिली. धार नाही, पेंड नाही, कोणाचा हात नाही. आणि एका दुपारी तिथेच व्यायली. नानाजी संध्याकाळी वासरू खांद्यावर घेऊन दारात आला.

"घे वं बाई," तो म्हणाला, "गाय धाडली एक, अन् आल्या दोन."

आयशाबी लोटा घेऊन बाहेर आली. तेव्हा तिच्या डोळ्यांना अंधुक दिसत होतं. "प्यालं का हे?"

"दोपारपासून लोंबकळून राह्यलं कासेले. पोट पाह्य ना त्याचं, मटक्यावानी झालं."

आयशाबीचा चेहरा उतरला. पहिला चीक उष्टा झाला होता. उरलासुरला सात घरी गेला, पण ती दोन दिवस जेवली नाही. हे वासरू काही लाभायचं नाही, असं तिने बोलून दाखवलं. ते वासरू म्हणजे भुरी. कालवड होती, आणि अशी धडधाकट निघाली की पहिल्या पावसाळ्यात गल्लीतली वासरं खोकली, शेंबडली, हिला शिंकसुद्धा आली नाही.

एकोणसाठात कबरी पुन्हा व्यायली, या वेळी घरी, लोटा हाताशी ठेवून. वार पडायला दिवस मावळला. सात घरं झाली. वासरू सातव्या दिवशी गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गल्लीत लाळ्या-खुरकूत आलं. गुरांच्या तोंडाला फेस, खुरांत जखमा. हजराबी रोज दहा दारांवरून जात-येत होती, आणि तिचं लक्ष असायचं. भाकड गाई आठ दिवसांत उठून कडबा ओढायला लागल्या. आटत आलेल्या दुभत्या गाई वाळल्या, पण उभ्या राहिल्या. आणि ज्या महिन्याभरात व्यायलेल्या होत्या, त्या खाली बसल्या त्या बसल्याच. कबरी त्यातच गेली. हजराबीने चंदाबाईला, म्हणजे समोरच्या घरच्या बाईला, हे सांगून पाहिलं.

"व्यायलेल्या गायीच्या अंगाले कडी नसते पाह्य. कोनताबी रोग येते अन् दार ढकलून आत जाते."

चंदाबाई म्हणाली, "तुले बी ना, काम कमी पडून राह्यलं. नजर लागते व्यायलेल्या गायीले. कडी कायची अन् दार कायचं."

हजराबीने वाद घातला नाही. ही गोष्ट तिला डोक्याने नव्हे, अंगाने कळली होती. पहिल्या बाळंतपणात तिला चाळीस दिवस खोलीबाहेर येऊ दिलं नव्हतं. मेथीचे लाडू, शेक, सगळं रीतसर. पुढे मुलीच्या, शहनाजच्या, वेळेपर्यंत आयशाबीचे डोळे गेले आणि घरात दुसरी बाई नव्हती. बाराव्या दिवशी हजराबी गव्हाणीत कडबा टाकत होती. पंधराव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला, छातीवर गळू झालं, दूध आटलं. शहनाज बकरीच्या दुधावर वाढली. एरवी वर्षभर पावसात भिजून जिला काही होत नाही, त्या बाईला त्या पंधरवड्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसत नाही. मग गायीचं वेगळं काय असणार?

बासष्टात भुरीचं पहिलं वेत. वासरू झालं. वार अडली, पार दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. तोवर वासरू कोपऱ्यात बांधून ठेवलेलं. हंबरून हंबरून त्याचा गळा बसला. मग लोटा, मग सात घरं. बारावा दिवस त्याने पाहिला नाही.

गावरान गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून मोहिउद्दीनने त्या वासराचं कातडं सोलवून आणलं आणि त्यात भुसा भरला. धारेच्या वेळी ते भुशाचं वासरू भुरीपुढे ठेवायचं. भुरी त्याला चाटायची. हजराबी खाली बसून धार काढायची आणि भुरीची जीभ भुशाच्या अंगावरून खर्र खर्र फिरल्याचा आवाज ऐकत राहायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, वर्षभर. या आवाजानेच आपण जास्त थकलो, असं ती पुढे म्हणायची.

बाजारच्या दिवशी तांड्यावरची धनीबाई गवताचा भारा घेऊन यायची. वयाने हजराबीच्या आईएवढी, दोन्ही हात कोपरापर्यंत हस्तिदंती बांगड्यांनी भरलेले. हिच्या आजा-पणजाने बैलांवर मीठ लादून मुलूख पालथे घातले होते. गुरांचं तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं. भारा टाकला, पाणी प्याली आणि गोठ्याकडे पाहून म्हणाली,

"काय वं हजराबी, तुही गाय पोतं काहून चाटून राह्यली?"

"वासरू व्हय थे."

"दिसते ना मले. माहे डोये काय तुह्या सासूले देल्ले का?" धनीबाई ओट्यावर टेकली. "कितवं गेलं हे?"

"तिसरं."

"अन् ही भुरी बरी जगली."

"हे रानात झालती. घरी आली तवा पोटभर पिऊनच आलती. अम्माची मन्नत मोडली तवा, पहिला चीक लोट्यात आलाच नाही..."

बोलता बोलता हजराबी थांबली. हातातलं सूप तिने खाली ठेवलं. धनीबाईने तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"मंग मले विचाराचं काय राह्यलं?" ती म्हणाली. "सांगून तं तूच राह्यली."

"वार अडकली तं?"

"आमच्या तांड्यात वासराचे पाय थरथरत असतात, तवाच थान तोंडात देतो आम्ही. वासरू पेते तशी वार सुटते. तुमच्या गल्लीचं उलटंच. लेकराले भुकं ठेवाचं अन् वार कवा पडते म्हून वाट पाहाची."

"अन् देवाचं?"

"देवाले काय घाई हाये? त्याले कोनती हगवण लागून राह्यली?" धनीबाई उठली, भाऱ्याची दोरी गुंडाळली. "अन् पाह्य, आटवत जा तिले. दोन महिने तरी. बाईमानूस नवव्या महिन्यापर्यंत अंगावर पाजत बसलं तं पुढच्या लेकराले काय उरते? पान्यावानी चीक."

त्या दिवसापासून हजराबीच्या जिवाला एक घोर लागला. भुरी पुन्हा गाभण होती. हे वासरू जगवायचं होतं; त्यासाठी जब्बारभाईला नाही म्हणायचं होतं, आणि आयशाबीची मन्नत मोडायची होती. जब्बारभाईचं सोपं होतं.

"दोन महिने दूध नाही?" जब्बारभाई गल्ल्यावरून म्हणाला. "भाभी, मंग मी गिऱ्हाइकाले काय पानी पाजू?"

"आताबी थेच पाजता."

बाकावरचा एक ड्रायव्हर हसला. जब्बारभाईही हसला, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने दूध दुसरीकडून लावलं आणि पुन्हा घेईनच असं काही कबूल केलं नाही. मोहिउद्दीनला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो हाताचं ग्रीस चिंधीने पुसत बसला होता.

"तुले जे करायचं थे कर," तो म्हणाला. "पण अम्माले मी सांगनार नाही."

"तुमच्यासाठीच तं कबूल केलतं त्याइनं."

"म्हून तं सांगत नाही."

कार्तिकात हजराबीने सरकीची पेंड बंद केली, नुसता कडबा ठेवला. आधी एक वेळची धार सोडली, मग दिवसाआड, मग पूर्ण. कास ताठली, ओसरली, मऊ पडली. दोन महिने सकाळ-संध्याकाळ ते भुशाचं वासरू आढ्याला टांगलेलं राहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच हजराबीच्या हाताला संध्याकाळी काम नव्हतं. ती बाजेवर बसे आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागे. शहनाज येऊन हलवी, "अम्मी, तब्येत बरी नाही का?" बरी होती. तिला नुसती झोप येत होती. वीस वर्षांची साठलेली.

भुरी एका शुक्रवारी, पौषातल्या उन्हात, दुपारी व्यायली. मोहिउद्दीन मशिदीत गेला होता. आयशाबीला चाहूल लागली होती. भिंत धरून ती गोठ्याच्या दारात येऊन बसली, मांडीवर तांब्याचा लोटा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, दोन्ही बुबुळं भुरकट पांढरी.

"काय झालं?"

"कालवड हाये, अम्मा."

"शुकर. वार पडू दे. मी बसतो इथीच."

हजराबी वासरू पुसत उभी राहिली. म्हातारीला दिसत नव्हतं. वासरू गुपचूप पाजायचं, मागाहून लोटा भरून हातात द्यायचा, कोणाला कळलं असतं? खोटं बोलायचा तिला कंटाळा नव्हता. खरं बोलायची ताकद नव्हती. सकाळपासून ती गायीच्या पाठीशी उभी होती, पायांचे गोळे झाले होते. तिने वासराला उचललं, कासेशी नेलं, थान त्याच्या तोंडात दिलं. ते दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा धरलं.

आणि चुरूचुरू आवाज यायला लागला. भरल्या कासेला भुकेलं वासरू लागलं की तो आवाज अख्ख्या गोठ्यात भरतो. तो कसा लपवणार?

"दुल्हन," आयशाबी म्हणाली, "कोन पिऊन राह्यलं?"

हजराबीने डोळे मिटले. "वासरू, अम्मा."

"वार पडली?"

"नाही पडली."

लोट्याच्या कडेवरून म्हातारीचं बोट गोल गोल फिरत राहिलं. वासरू पीत होतं. मग ती उठली, रिकामा लोटा छातीशी धरून भिंतीच्या आधाराने आत गेली आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजली. वार त्यानंतर तासाभरात पडली. ते सांगायला हजराबी आत गेली, पण सासूची पाठ पाहून परत फिरली.

संध्याकाळी चंदाबाई दारात आली. "काय वं, गाय व्यायली म्हनते लोक. आमच्या घरी भांडं दोपारचं घासून ठेवलं. औंदा आमचं घर विसरली का?"

"विसरली नाही, काकू. वासरू पिऊन राह्यलं. उरलं की धाडतो."

"वासरू तं जनमभर पेते. चीक काय रोज येते?"

तिसऱ्या दिवशी हजराबीने सात घरी दूध पाठवलं. लोट्यातून नाही, साध्या पातेल्यातून. लोटा आयशाबीच्या उशाशी होता. त्या दुधाचा कोणाकडेच खरवस बसला नाही. चंदाबाईने हटकून सांगितलं, "बाई, हे तं चहाचं दूध व्हय. देवापुढे चहा ठेवू का आता?" बोलली ती हसत, पण तिचं वाईट वाटणं खरं होतं. ज्या घरात वर्षावर्षाचा नैवेद्य ठरलेला असतो तिथे एक वाटी रिकामी राहिली तरी बाईच्या जिवाला लागतं.

चौथ्या दिवशी भुरीला ताप चढला. कासेचा मागचा एक भाग दगडासारखा कडक झाला. त्याला दगडीच म्हणतात. थानातून दुधाऐवजी पाणी आणि गाठी येऊ लागल्या. गल्लीला बोलायला तोंड मिळालं. मन्नत मोडली, मग दुसरं काय होणार. हजराबी ढोरांच्या दवाखान्यात जाऊन आली. तिथल्या माणसाने धुवायला लाल औषध दिलं आणि सांगितलं, "ते थान दर दोन तासांनी पिळून रिकामं करा. दूध वाटेल तिथे टाकू नका, मातीत पुरा. व्यायल्यावर होतंच हे, गायीत तेव्हा जोर नसतो."

"माहीत हाये," हजराबी म्हणाली.

दर दोन तासांनी निंबाच्या पाल्याचं कढत पाणी, शेक, मग पिळणं. भुरी लाथ झाडायची. हजराबीच्या पोटरीवर काळंनिळं झालं. वासराला चांगल्या तीन थानांना लावायचं, त्या चौथ्यापासून तोंड ओढून बाजूला करायचं. स्वतःच्या छातीवरचं ते जुनं गळू तिला या दिवसांत फार आठवलं. भुरीच्या मानेवर डोकं टेकून ती म्हणायची, "सोस. दुसरं काय करतं." आत आयशाबी दिवसाला एक भाकर, तीही पाण्यात बुडवून, खात होती आणि सुनेशी एक शब्द बोलत नव्हती. हजराबीला त्याचा राग नव्हता. रागवायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

सहावा दिवस उजाडला. हजराबीने गोठ्यात आधी वासराच्या शेपटीखाली पाहिलं. कोरडं होतं. सातव्या दिवशी शेण जरा पातळ झालं. ती तिथेच शेणात बसली. पण वासरू उड्या मारत होतं, कासेला ढुशा देत होतं. दुपारपर्यंत शेण पुन्हा बांधून आलं. आठवा गेला. नववा गेला. भुरीचा ताप उतरला.

तेराव्या दिवशी सकाळी आतून हाक आली, "दुल्हन." तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"जी, अम्मा."

"जिवंत हाये का थे?"

"हाये."

"घेऊन चाल मले."

हजराबीने तिला हाताला धरून गोठ्यात आणलं. म्हातारी वासराजवळ उकिडवी बसली, हाताने चाचपलं. पाठ, पोट, कानांची टोकं. वासराने तिची बोटं तोंडात धरली आणि ओढायला सुरुवात केली. तिने हात काढून घेतला नाही.

"जोर हाये," ती म्हणाली. "मोहिउद्दीनच्या तोंडात जोर नोता. पेला ओठाले लावला की अर्धं बाहेर. कापसाचा बोळा बुडवून थेंब थेंब सोडत होतो मी."

हजराबी उभीच होती.

"तवा कोनी भांडं घेऊन मागाले नोतं आलं. त्याइनं आनून ठेवलं होतं. लेकरासाठी." आयशाबीने दुसऱ्या हाताची बोटं उघडली आणि एकेक मिटत, ओठ हलवत, ती जुनी सात घरं मोजली. सात झाली तरी हात तसाच वर राहिला. "आठ धर. पहिलं हे. मन्नतीत घर वाढवता येते, कमी करता येत नाही. लोटा घासून ठेव, पुढच्या वेताले लागन. आधी याचं, मंग त्याइचं."

"चंदाकाकू..."

"तिले मी सांगतो. तिच्या सासूनं ठेवलेला पेला मले माहीत हाये, तिले नाही."

इतक्या दिवसांनी सासू बोलली, वासरू जगलं, आता हजराबीला आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. ती गव्हाणीला पाठ लावून खाली बसली आणि दोघींकडे, वासराकडे आणि म्हातारीकडे, पाहता पाहता तिची मान कलली. आयशाबीला दिसत नव्हतं, पण श्वासावरून कळलं असावं. शहनाज काहीतरी विचारत धावत आली तेव्हा म्हातारीने तिला हाताने थांबवलं.

"अम्मीले उठवू नोको. पाणी मले तू दे."

भुरीचं ते चौथं थान कायमचं गेलं. पुढे ती तीन थानांचीच गाय राहिली, आणि जब्बारभाईने घेतलं ते दूधही आधीपेक्षा कमीच होतं. पासष्टात ती पुन्हा व्यायली, दोन महिने आटवून. त्या वेळी चंदाबाई आपलं भांडं घेऊन स्वतः गोठ्याच्या दारात आली, पण बाहेरच थांबली.

"झालं का त्याचं पिऊन?" तिने विचारलं.

"होऊन राह्यलं, काकू. बसा."

चंदाबाई भांडं मांडीवर घेऊन आयशाबीशेजारी बसली. आत चुरूचुरू चाललं होतं. आढ्याला टांगलेलं ते भुशाचं वासरू हजराबीने त्याआधीच काढून गावाबाहेर मसणवटीच्या बाजूला पुरून टाकलं होतं.